घरोघरचें विज्ञान : देवघरांतला दिवा

गेल्या पौषांत उमरठ येथें चार दिवस राहण्याचा योग आला. पोलादपुराहून आंत डोंगराकडे वळलें म्हणजे सह्याद्रीच्या कुशींत हें गांव लागतें. नरवीर तानाजी मालुसरे यांचें हें गांव; १६७० मध्यें कोंढाणा घेतांना ते पडले, आणि त्यांची समाधि येथेंच आहे. माझे एक जुने वर्गबंधु तेथें आपल्या वडिलोपार्जित घरांत राहतात. ओटी, माजघर, देवघर आणि मागील बाजूस स्वयंपाकघर असें तें जुन्या पद्धतीचें, लांकडी तुळयांचें घर आहे.

पहिल्याच सकाळीं मित्राच्या मातोश्री मला म्हणाल्या (आम्ही सारे त्यांना काकूच म्हणतों), “अरे, तूं विजेवर लिहितोस ना? मग आमच्या देवघरांतला दिवा नेमका पूजेच्या वेळींच कां मंदावतो तें सांग पाहूं. मीं विचारलें तर हा म्हणतो, आई, तुझा मोतीबिंदु वाढला असेल!”

मित्र ओशाळले. पुढें त्यांनीं आपलें मत बदललें होतें हें खरें. पण तें बदलून त्यांनीं सारा दोष गांवाबाहेरून येणाऱ्या तारांवर ढकलला होता. वीज देणाऱ्या कचेरीस पाठवावयाचा तक्रारअर्ज लिहून तयार होता, सही तेवढी व्हावयाची होती. नववींत शिकणारी त्यांची कन्या ओहमचें सूत्र घडाघडा म्हणून दाखवी. परंतु त्या सूत्राचा आणि आजीच्या दिव्याचा कांहीं संबंध असूं शकेल, असें तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

दोष डोळ्यांत, गांवच्या तारेंत, कीं घरांत? या प्रश्नाचा निवाडा आम्हीं चार साध्या नियमांनीं केला. ते नियम कोणाहि गृहस्थास व गृहिणीस समजण्यासारखे आहेत. आणि ते न समजल्यामुळें त्या घरावर कोणतें संकट येऊं घातलें होतें तें वाचकांस लेखाच्या शेवटीं दिसेलच.

पहिला नियम ओहमचा. तारेंतून वीज ढकलणारा तो दाब. तो व्होल्टांत मोजतात. वाहते तो प्रवाह, अँपियरांत. आणि वाटेंत होणारी अडवणूक म्हणजे विरोध, ओहमांत. प्रवाहास विरोधानें गुणलें म्हणजे दाब येतो, एवढाच हा नियम. जॉर्ज ओहम हा जर्मनींतील कोलोन येथील शाळामास्तर. त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब एकसारखा टिकत नसे. म्हणून बिस्मथ व तांबें यांचा एक सांधा उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवून त्यानें स्थिर दाब मिळविला, आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला. १८२७ मध्यें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां स्वदेशांत त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कोप्ले पदक दिलें तें १८४१ सालीं.

आतां हा नियम काकूंच्या घरीं लावूं. स्नानाचें पाणी तापविण्यासाठीं स्वयंपाकघरांत १५०० वॉटचा रॉड बादलींत सोडीत असत. २३० व्होल्टांवर १५०० वॉट म्हणजे त्याचा विरोध सुमारें ३५ ओहम. देवघरांतील दिवा ६० वॉटचा, म्हणजे जळत असतांना जवळजवळ ८८० ओहम. ‘जळत असतांना’ हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. दिव्यांतील टंग्स्टनची तार थंड असतां तिचा विरोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी भरतो. म्हणून विझलेल्या दिव्याचा विरोध मोजून कोणी हिशेब करूं लागला तर तो फसेल. रॉडांतील तार निराळ्या धातूची. तापली तरी तिचा विरोध फारसा बदलत नाहीं. आमच्या कामाला रॉडच सोईचा.

दुसरा नियम जोडण्यांचा. एकामागून एक अशी एकसरी जोडणी असली कीं विरोधांची बेरीज होते, प्रवाह सर्वांतून एकच वाहतो, आणि दाबाची वांटणी विरोधाच्या प्रमाणांत होते. ज्याचा विरोध मोठा त्याच्या वांट्याला दाब मोठा. समांतर जोडणींत याच्या उलट: दाब सर्वांना एकच, आणि प्रवाहाचे वांटे पडतात. देवघरांतील दिवा आणि रॉड हीं परस्परांशीं समांतर. त्यांचा एकत्र विरोध काढण्यासाठीं गुणाकारास बेरजेनें भागावें. ८८० व ३५ यांचा एकत्र विरोध येतो ३४ च्या आंतबाहेर. म्हणजे दिवा असला काय आणि नसला काय, एका ओहमाचा फरक. म्हणून पुढील हिशेबांतून दिवा आम्हीं वगळला. कोणती गोष्ट टाकून दिली तरी चालेल हें ओळखणें, ही गणितांतली अर्धी विद्या होय.

तिसरा नियम, किंबहुना नियमांची जोडी, गुस्ताव किर्खोफची. १८४५ मध्यें त्यानें ती मांडली, तेव्हां तो कनिग्सबर्ग येथें शिकणारा अवघा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पहिला अर्धा असा कीं, तारांच्या कोणत्याहि गांठीशीं जितका प्रवाह येतो तितकाच तेथून निघून जातो. महाडाजवळ गांधारी सावित्रीला मिळते. संगमाखालून वाहणारें पाणी दोन्ही नद्यांच्या बेरजेइतकें असतें. मात्र हा दृष्टांत पुरापुढें टिकत नाहीं. जुलै २०२१ मध्यें महाडच्या बाजारपेठेंत पाणी चढलें, तें येणारें पाणी जाणाऱ्याहून अधिक झालें म्हणूनच. तारेच्या गांठींत वीज अशी सांचून राहत नाहीं. तेथें जमा आणि खर्च क्षणोक्षणीं बरोबर असतात.

दुसरा अर्धा दाबाविषयीं. पोलादपुराहून निघून आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वर गांठावें, आणि मग परत कोणत्याहि वाटेनें खालीं उतरून पोलादपुरास यावें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. पण वाट कोणतीहि घेतली तरी एकंदर चढ आणि एकंदर उतार सारखेच भरतात, कारण प्रवासी जेथून निघाला तेथेंच परत आला. विद्युन्मंडळांतहि तसेंच. उगमाशीं जितका दाब चढतो, तितकाच वाटेंतील विरोधांवर उतरतो. त्यांतला एक व्होल्टहि हरवत नाहीं. तेव्हां दिव्यापाशीं दाब कमी पडत असेल, तर तो वाटेंत कोठें तरी ‘उतरला’ असलाच पाहिजे. मग प्रश्न एवढाच उरतो, कीं कोठें?

नियम सांगून होतांच नातीला मीं विचारलें, “पूजेच्या वेळींच दिवा मंदावतो, त्या वेळीं घरांत दुसरें काय चालूं असतें?”

ती क्षणभर थांबून म्हणाली, “काका, रॉड! आजी पूजेला बसली म्हणजे बाबांच्या आंघोळीचें पाणी तापत असतें.”

“आणि ओटीवर इस्त्री लावली म्हणजे?”

तें कोणीं पाहिलें नव्हतें. लगेच आम्हीं तो प्रयोग केला. काकू देवघरांत दिव्याकडे पाहत बसल्या, आणि नात आळीपाळीनें इस्त्री व रॉड लावूं लागली. कोणतें उपकरण लागलें हें काकूंस सांगावयाचें नाहीं असें ठरलें होतें. रॉड लागतांच काकू प्रत्येक वेळीं म्हणत, “आतां गेला!” इस्त्री लागली असतां त्या म्हणाल्या, “किंचित् हललासें वाटलें, पण तसा नव्हे.” दहापैकीं एकदांहि त्यांची चूक झाली नाहीं. मोतीबिंदूचा आरोप तेथेंच निकालांत निघाला.

या साध्या प्रयोगांत मोठा अर्थ भरला आहे. त्या घरांत मीटरापासून दोन फांट्या निघतात. एक ओटीकडे, दुसरी माजघरावरून देवघर व स्वयंपाकघर यांकडे. इस्त्रीचा प्रवाह गांवच्या तारेंतून येतो, पण देवघराच्या फांटीला शिवत नाहीं. रॉडाचा प्रवाह मात्र दोहोंतून जातो. इस्त्री १००० वॉटची, म्हणजे रॉडाच्या दोन-तृतीयांश शक्तीची होती. दोष केवळ बाहेरच्या तारेंत असता, तर इस्त्रीनेंहि दिव्याचा दाब रॉडाच्या मानानें सुमारें दोन-तृतीयांश उतरावयास हवा होता. तसें झालें नाहीं. अर्थात् दाबाचा बराच भाग घरांतल्या फांटींतच कोठें तरी नाहींसा होत होता. एकाहि तारेस हात न लावतां, कसलेंहि यंत्र न आणतां एवढें कळलें.

काकूंच्या दिव्याविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. घरांत इतरत्र एलईडीचे दिवे आहेत. देवघरांत मात्र त्यांनीं हट्टानें जुना पिवळा दिवा ठेवला होता, कारण पांढऱ्या उजेडांत देवांचीं मुखें ओळखीचीं वाटत नाहींत असें त्यांचें म्हणणें. चांगल्या एलईडीच्या पोटांतील रचना दाब थोडा उतरला तरी उजेड सांभाळून घेते. म्हणून इतरांस कांहींच जाणवलें नाहीं. जुन्या दिव्याचें तसें नाहीं. दाब सात टक्के उतरला कीं त्याचा उजेड वीस टक्क्यांहूनहि अधिक उतरतो. काकूंचा तो दिवा म्हणजे घरांतलें सर्वांत हळवें मापनयंत्रच होतें.

दुसरे दिवशीं महाडाहून परवानाधारक वायरमन आला. आतां चौथा नियम कामास आला. फ्रान्सच्या तारखात्यांतील लिओं थेव्हेनिन या अभियंत्यानें १८८३ मध्यें तो मांडला. त्यापूर्वीं तीस वर्षें, १८५३ मध्यें, हेल्महोल्ट्झ यानेंहि तीच गोष्ट सांगितली होती. विरोधांचें जाळें केवढेंहि गुंतागुंतीचें असो, त्याच्या कोणत्याहि दोन टोकांतून पाहिलें असतां तें सारें जाळें एक दाब आणि त्याशीं एकसरी जोडलेला एक विरोध यांच्यासारखेंच वागतें. उमरठच्या घराला मिळणारी वीज कोठल्या जनित्रांतून निघाली, किती रोहित्रें व किती खांब ओलांडून आली, याचा शोध करीत डोंगर तुडविण्याचें कारण नाहीं. आपल्या दाराशीं दोन मापें घेतलीं कीं पुरे: एक कांहीं न लावतां, दुसरें ओळखीचा भार लावून.

वायरमनानें मापें घेतलीं व नातीनें तीं वहींत टिपलीं. कांहीं न लावतां मीटरापाशीं व स्वयंपाकघरांत दोन्हीकडे २२६ व्होल्ट. रॉड लावल्यावर मीटरापाशीं २२०, स्वयंपाकघरांत २१०. ओटीवरच्या पाटावर बसून मग तिनें हिशेब केला. रॉडावर २१० व्होल्ट आणि त्याचा विरोध ३५ ओहम, म्हणून प्रवाह ६ अँपियर. बाहेरच्या तारांत ६ व्होल्ट उतरले. त्यांस ६ अँपियरांनीं भागलें तर विरोध १ ओहम. मीटरापासून स्वयंपाकघरापर्यंत १० व्होल्ट उतरले, म्हणजे विरोध जवळजवळ १.६७ ओहम.

“मग घरांतली तार तेवढी असेलच ना, काका?” तिनें विचारलें.

तेंहि मोजतां येतें. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरास सुमारें १२ ओहम. मीटरापासून स्वयंपाकघर पंधरा मीटर. जाण्याची व परतीची मिळून तीस मीटर तार. तिचा विरोध ०.३६ ओहम. मग उरलेले १.३ ओहम कोणाचे? तारेचे तर नव्हेत. वाटेंत कोठें तरी सांधा बिघडला आहे, असा याचा एकच अर्थ.

तो सांधा किती तापत असेल हेंहि नातीनें काढलें. त्यावर उतरणारा दाब ७.८ व्होल्ट, प्रवाह ६ अँपियर; गुणाकार जवळजवळ ४७ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची लहान कावी साधारण एवढ्याच शक्तीची असते. हा आंकडा वहींत उतरल्यावर ओटीवर कोणी बोलेना. जुन्या लांकडी घरांत, तुळईला टेकून, कोणाच्या नजरेस न येतां अशी एक कावी रोज सकाळीं अर्धा-पाऊण तास पेटत होती.

वायरमनानें मुख्य बटण बंद करून माजघराच्या दारावरील लांकडी पेटी उघडली. घर वाढवितांना केव्हां तरी तेथें तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेस नुसती पिळून वर पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी कोळशासारखी झाली होती, आणि खालचें लांकूड बोटभर जळालेलें होतें. या मुलखांत वर्षाला ३००० मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. ओल्या हवेंत हे दोन धातु एकमेकांस टेकले कीं ॲल्युमिनियम गंजूं लागतें. त्यावर धरणारा थर विजेला वाट देत नाहीं. तापून-निवून सांधा सैल होतो. सैल झाला कीं विरोध वाढतो, आणि विरोध वाढला कीं तो आणखी तापतो. दोष स्वतःच स्वतःला वाढवीत जातो.

मित्रांनीं विचारलें, “पण भार वाढला कीं आपोआप पडणारें बटण आम्हीं नवें बसविलें आहे. तें कां पडलें नाहीं?” हा प्रश्न प्रत्येक घरीं विचारला जावा. तें बटण प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच पडतें. बिघडलेला सांधा एकसरी जोडलेला असतो. तो प्रवाह वाढवीत नाहीं, उलट कमी करतो. आमच्या हिशेबानें सांधा चांगला असता तर ६.२ अँपियर वाहिले असते, बिघडला म्हणून ६ च वाहिले. बटणाच्या दृष्टीनें सर्व क्षेमकुशल होतें. ज्या उष्णतेनें घर पेटावें ती उष्णता पहारेकऱ्यास दिसतच नव्हती; दिसली ती देवघरांत बसलेल्या पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंना.

सांधा नव्यानें, दोन धातूंसाठीं केलेल्या योग्य जोडपट्टीनें बसविला. रॉड लावून पुन्हां मापें घेतलीं तों स्वयंपाकघरांत २१७ व्होल्ट. लघुदाबाच्या पुरवठ्यांत २३० च्या खालीं-वर सहा टक्के ही रूढ मर्यादा मानतात. म्हणजे खालची कड २१६ ची. पूर्वींचे २१० तिच्या बाहेर होते, आतांचे २१७ जेमतेम आंत आले.

बाहेरच्या तारांचा दोष मुळींच नव्हता काय? होता, उतरलेल्या १६ व्होल्टांपैकीं ६ त्यांचे होते. त्यांतले ७.८ मात्र त्या एका सांध्याचे, आणि बाकीचे दोनसव्वादोन घरांतल्या तारेचे. मित्रांनीं अर्ज फाडला नाहीं, तो दुरुस्त केला. ‘दाब फार कमी येतो’ याऐवजीं ‘मीटरापाशीं भाराविना २२६ व ६ अँपियरांस २२०’ असें लिहिलें. अशा अर्जास उत्तर देणें सोपें असतें आणि टाळणें कठीण.

हेंच सूत्र केवढ्या मोठ्या कामांत लागतें पाहा. वाटेंतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. १९१५ मध्यें टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली ती लक्ष व्होल्टांच्या घरांतील दाबानें. तीच शक्ति दहापट दाबानें पाठविली तर प्रवाह दहावा हिस्सा पुरतो, आणि तारेंतली हानि शंभरावा हिस्सा होते. घाटाखालची वीज मुंबईस पोंचली ती याच हिशेबाच्या बळावर.

वाचकांनीं आपल्या घरीं काय करावें? पेट्या व बटणें उघडूं नयेत. तें काम परवानाधारकाचें. पण निरीक्षण सर्वांस मोकळें आहे. मोठें उपकरण लावल्यावर एखाद्याच खोलींतला दिवा मंदावतो कीं सर्व घरांतले, तें पाहावें. एकाच फांटीवर परिणाम दिसला तर दोष घरांत असण्याचा संभव मोठा. सर्व घरांत सारखा दिसला तर मीटरापाशीं किंवा त्याच्या बाहेर. बटण वा खोबण हातास गरम लागणें, जळका वास, दिव्याची फडफड, यांपैकीं कांहीं आढळलें तर त्या दिवशींच वायरमनास बोलवावें. आणि घरांतलें वडील माणूस कांहीं दिसतें म्हणालें, तर चष्म्याचा नंबर काढण्यापूर्वीं एकदां तिकडे पाहावें.

निघण्याच्या दिवशीं पहांटे मी मुद्दाम देवघरांत जाऊन बसलों. स्वयंपाकघरांत रॉड लागल्याचें बटण वाजलें. काकूंनीं फूल हातांत धरून वर पाहिलें, क्षणभर थांबल्या, आणि कांहीं न बोलतां फूल वाहिलें. नात दाराआडून पाहत होती. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण तिला ठाऊक होती. तो कळसा गणितानें कसा शोधावयाचा हें आतां तिला कळलें होतें.

पंखे व पंप यांत नुसता विरोध नसून तारेच्या वेटोळ्यांचाहि कांहीं गुण असतो. तेथें हा हिशेब थोडा बदलावा लागतो. त्याविषयीं पुढील अंकीं.